टाळू काढण्याआधी टाळूचं माप घ्या

वरच्या जबड्याचा कॅन्सर काढला की तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच जातो. घोटभर पाणी प्यायलं तर ते नाकातून बाहेर येतं आणि बोललेलं समोरच्याला कळत नाही. ही जागा बंद करण्यासाठी एक खास कवळी असते, तिला डॉक्टर ‘ऑब्चुरेटर’ म्हणतात. दवाखान्यात सगळे नुसतं ‘प्लेट’ म्हणतात, मीही तसंच लिहिते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, कायमची प्लेट मिळेपर्यंत जुलै २०२४ ते मार्च २०२५ असे आठ महिने गेले. त्यातले पहिले दोन आठवडे फार हालाचे होते, आणि ते हाल टळण्यासारखे होते. आपल्या सांगली भागात मशेरी आणि तंबाखूमुळे असे रुग्ण गावोगाव आहेत. त्यांच्या घरच्यांना आधीच माहीत असावं म्हणून क्रमाने लिहिते आहे.

आत्यांचं वय बासष्ट. टाळूला डावीकडे, दाढांच्या आतल्या बाजूला बरी न होणारी जखम होती. जून २०२४ मध्ये तुकडा तपासला, सीटी स्कॅन झाला आणि वरचा डावा जबडा, निम्मी टाळू आणि मानेतल्या गाठी काढायच्या असं ठरलं. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होणार होतं. १ जुलै २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्याआधी ते दीड लाख होतं. आता पांढऱ्या रेशनकार्डालाही योजना लागू आहे. आमचं कार्ड केशरी.

अडचण आली ती नावाची. रेशनकार्डावर आत्यांच्या नावापुढे ‘बाई’ होतं, आधारवर नव्हतं. शिवाय रेशनकार्डाचा जो १२ अंकी ऑनलाइन नंबर असतो, त्यात त्यांचं आधार जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे यादीत नाव दिसेना. आरोग्यमित्राने (योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्यांचं टेबल असतं) सांगितल्यावर तासगावला तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन ते जोडून घेतलं. त्यात चार दिवस गेले. दवाखान्यात तारीख मिळण्याआधीच रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. शंका असेल तर योजनेच्या १५५३८८ या नंबरवर विचारा. कागद जमा झाले की रुग्णालय मंजुरी मागतं. त्याला तुकड्याचा रिपोर्ट, स्कॅन आणि रुग्णाचा फोटो लागतो. ऑपरेशनची मंजुरी आली म्हणजे पुढच्या शेकाचीही (रेडिएशनची) आली असं नाही. रेडिएशनचं पॅकेज वेगळं, त्याची मंजुरी वेगळी. ते कागद ऑपरेशननंतर दोन आठवड्यांतच पुढे पाठवायला सांगा.

११ जुलैला ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण माप घ्यायचं राहून गेलं होतं आणि ते राहिलंय हे आम्हाला कळायलाही आठवडा लागला.

व्हायला हवं ते असं. ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी रुग्णाला दातांच्या डॉक्टरांकडे, त्यातही प्रोस्थोडॉन्टिस्टकडे पाठवतात. कवळ्या आणि कृत्रिम अवयव हाच त्यांचा विषय असतो. ते वरच्या-खालच्या जबड्याचं अल्जिनेटमध्ये (तोंडात घट्ट होणाऱ्या पातळ मिश्रणात) माप घेतात, तोंडात दहा मिनिटांचं काम. त्यावरून प्लास्टरचा साचा बनतो. कुठपर्यंत कापायचं याची रेघ सर्जन त्या साच्यावर ओढून देतात, तेवढे दात साच्यावरून घासून काढतात आणि सरळ, पातळ अ‍ॅक्रिलिकची प्लेट तयार होते. ऑपरेशन संपता संपता, रुग्ण भुलेत असतानाच, ती उरलेल्या दातांना तारेने बांधतात. आतला औषधाचा बोळा ती धरून ठेवते, जखम झाकते, बोलणं थोडंफार कळतं आणि नाकातली जेवणाची नळी लवकर निघायला मदत होते. जबडा एकदा काढला की मूळच्या टाळूचा आकार कुठेच नोंदलेला राहत नाही, पुढच्या सगळ्या प्लेटा अंदाजाने कराव्या लागतात. म्हणून ‘वरचा जबडा काढायचा आहे’ हे शब्द कानावर पडले की त्याच बैठकीत विचारा, ‘प्लेटचं माप कधी घ्यायचं?’ डॉक्टर कामात असतात, एकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल. आपण विचारल्याने कोणाला राग येत नाही.

आत्यांची प्लेट नव्हती. सातव्या दिवशी, १८ तारखेला बोळा काढला आणि आत लिंबाएवढी पोकळी दिसली. त्या दिवसापासून त्या बोलेनाशा झाल्या. बोलता येत होतं, पण प्रत्येक शब्द नाकात जायचा. ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’ होतो, ‘बाळ’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ‘माळ’ ऐकू येतं. तीनदा सांगून कळलं नाही की माणूस गप्प बसतो. खाणं सगळं नळीवाटे. पेज, दूध, गाळलेलं वरण, दर दोन तासांनी दोनशे मिली, नंतर नळी साध्या पाण्याने धुवायची.

पोकळी धुवायला सिस्टरांनी शिकवलं ते पुढे कायम उपयोगी पडलं. २० मिलीची सिरिंज, सुई नसलेली. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. रुग्णाला भांड्यावर पुढे वाकवून बसवायचं, मान मागे टाकू द्यायची नाही, नाहीतर ठसका लागतो. पाण्याची धार जोरात मारायची नाही. आत खपल्या धरतात, त्या ओढून काढल्या तर रक्त येतं, चार-पाच वेळा भिजवल्या की आपोआप सुटतात. सकाळ, रात्र आणि प्रत्येक खाण्यानंतर.

सर्जनची चिठ्ठी घेऊन २२ जुलैला आम्ही डेंटल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. सांगलीत डेंटल कॉलेजं आहेत, कराडलाही आहे, आणि तिथे प्रोस्थोडॉन्टिक्स विभाग असतो. गावातल्या नेहमीच्या कवळी बसवणाऱ्याकडे हे काम होत नाही, तिथे वेळ घालवू नका. सोबत ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि सीटीची सीडी न्या.

मधल्या काळाच्या प्लेटचं माप घेताना मला सगळ्यात भीती वाटली ती पोकळीची. माप घ्यायचं मिश्रण पातळ असतं, ते आत वर जाऊन घट्ट झालं तर? तिथल्या मॅडमनी आधी व्हॅसलीन लावलेल्या गॉजचे तुकडे आत भरले. प्रत्येक तुकड्याला लांब दोरा बांधलेला, दोऱ्याचं टोक ओठाबाहेर. तुकडे मोजून भरले आणि मोजूनच काढले. तुमच्याकडे माप घेताना दोरा दिसला नाही तर विचारायला लाजू नका. २५ तारखेला प्लेट मिळाली. उजवीकडच्या दातांना पकडणाऱ्या तारेच्या तीन कड्या, टाळूवर गुलाबी अ‍ॅक्रिलिक आणि पोकळीच्या बाजूला मऊ अस्तर. खर्च १,८०० रुपये. प्लेट बसवून मॅडमनी पेल्यात दोन घोट पाणी दिलं. आत्यांनी पदर नाकाशी धरूनच ते प्यायलं. पदर कोरडा राहिला. त्या पदराकडे बघत म्हणाल्या, ‘‘नाकातनं काय आलं न्हाई बघ.’’ दोन आठवड्यांनी पहिल्यांदा त्यांचं वाक्य मला एका फटक्यात कळलं. नळी त्याच आठवड्यात निघाली.

ही मधली प्लेट एकदा बसली म्हणजे झालं असं नसतं. जखम आकसत असते, पोकळीचा आकार दर आठवड्याला बदलतो. सोमवारी घट्ट बसणारी प्लेट पुढच्या सोमवारी चहा गळू देते. त्यासाठी मऊ अस्तर काढून नवीन भरतात. आमचं दर दोन आठवड्यांनी भरावं लागलं, एका वेळचे २५० रुपये. पहिले काही महिने प्लेट रात्रीही तोंडातच ठेवायला सांगितली होती, कारण रात्रभर बाहेर राहिली तर कडा आकसून सकाळी ती बसत नाही. आम्ही एका रात्री ‘जरा आराम पडू दे’ म्हणून काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच ती आत जाईना. सांगलीला जाऊन घासून घ्यावी लागली.

रेडिएशनच्या आधी दातांचा प्रश्न आला. गावात जो तो सांगतो की शेक घेण्याआधी सगळे दात काढून टाका. असं आंधळेपणाने करू नका. चांगल्या बाजूचे दात हेच प्लेटचे खांब आहेत. ते गेले तर प्लेट कशाला धरून राहणार? पण किडलेले, हलणारे दात मात्र शेकाआधीच काढायला हवेत. शेक बसलेल्या हाडातून नंतर दात काढला तर ती जागा भरून न येण्याचा आणि हाड कुजण्याचा धोका असतो, तोही जन्मभर. काढल्यावर जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. आत्यांच्या खालच्या दोन दाढा १ ऑगस्टला काढल्या आणि २२ ऑगस्टला शेक सुरू झाला. कोणते दात ठेवायचे हे प्लेट करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं, म्हणून त्यांची चिठ्ठी रेडिएशनवाल्या डॉक्टरांना नेऊन दिली.

शेक होता ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), ३० दिवस, सोमवार ते शुक्रवार. मध्ये दोन सुट्ट्या आल्या आणि ४ ऑक्टोबरला संपला. सुरुवातीला चेहऱ्याचा जाळीचा मास्क बनवतात. तो बनवताना प्लेट तोंडात होती की बाहेर हे फाइलवर लिहून घ्या, कारण पुढचे तीसही दिवस तसंच लागतं. तारा धातूच्या असतात आणि प्लेटमुळे तोंडाची ठेवण बदलते, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांचा. आमच्याकडे प्लेट काढून ठेवायची होती. इथेच प्लेटा हरवतात. कागदी रुमालात गुंडाळून खुर्चीवर ठेवलेली प्लेट सफाईत कचऱ्यात जाते. झाकणाचा छोटा डबा, त्यावर नाव, आणि डबा सोबतच्या माणसाच्या हातात.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटलं. प्लेट टोचते म्हणून आत्या ती ठेवायला तयार नसत, आणि प्लेटशिवाय खाता येत नाही. मऊ अस्तराची टोचणारी कड घासून घेतली, जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं औषध तोंडात फिरवायचं आणि फक्त जेवणापुरती प्लेट, असा मार्ग निघाला. नाचणीचं आंबील, मुगाचं पातळ, ताकातला मऊ भात. मिरची तर नाहीच, पण शेंगदाण्याचा कूट आणि तीळही नको. ते प्लेटच्या कडेतून वर जाऊन पोकळीत अडकतात.

शेकानंतर तोंड उघडेना. हे होणार असं सांगितलेलं होतं, पण व्यायाम आम्ही उशिरा धरला. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजलं तर २२ मिलिमीटर. ३५ च्या खाली गेलं की तोंड आखडलं असं धरतात, आणि एवढ्याशा फटीतून माप घ्यायचा ट्रे आत जातच नाही, म्हणजे कायमची प्लेट अडली. उपाय स्वस्तातला आहे, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. सहज जातील तेवढ्या काड्या चिकटपट्टीने बांधून उजवीकडच्या दातांमध्ये ठेवायच्या, मग मध्ये एक काडी हळूच सरकवायची, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतपत, आणि अर्धा मिनिट थांबायचं. दिवसातून पाच वेळा. प्लेटच्या कड्या ज्या दातांवर आहेत त्यांच्यावर काड्यांचा जोर येऊ द्यायचा नाही. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी चालू होती, घरात दिवसभर कोणी नसायचं. म्हणून भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि किती काड्या गेल्या तो आकडा आत्या स्वतः लिहायच्या. अकरापासून सुरुवात झाली, जानेवारीत पंधरा झाल्या.

कायमच्या प्लेटला शेक संपल्यावर निदान तीन महिने थांबवतात, म्हणजे आकार स्थिर होतो. ६ जानेवारी २०२५ ला पहिलं माप दिलं आणि ७ मार्चला प्लेट हातात आली. मध्ये सात फेऱ्या. त्यातली दुसरी सर्वांत महत्त्वाची, त्या दिवशी रुग्ण उपाशी किंवा थकलेला नको. आधीच्या मापावरून त्यांच्यापुरता खास ट्रे केलेला असतो. त्याच्या कडेला हिरवी कांडी गरम करून मऊ करतात आणि तोंडात बसवल्यावर डोकं डावीकडे-उजवीकडे वळवायचं, हनुवटी छातीला लावायची, जबडा दोन्ही बाजूंना सरकवायचा, आवंढा गिळायचा. या हालचालींत पोकळीच्या भिंती जशा हलतात तसा त्या कांडीला आकार येतो. लाजून किंवा कंटाळून हालचाल अर्धवट केली तर नुसतं बसल्यावर प्लेट छान वाटते आणि मान वळवली की पाणी गळतं. मग धातूच्या सांगाड्याची चाचणी, मेणावर चावा, मेणातले दात लावून बघणं.

प्लेटचा जो फुगवटा पोकळीत जातो तो आतून पोकळ करून घ्या, हे आवर्जून मागा. वरच्या जबड्याची वस्तू आहे, तिचं वजन सतत खाली ओढतं. भरीव फुगवटा दोन-चार दातांना रात्रंदिवस हिसके देतो आणि तेच दात हलू लागतात. उत्सुकतेपोटी मी दोन्ही प्लेटा सराफाच्या काट्यावर तोलल्या. जुनी भरीव ४३ ग्रॅम, नवी धातूचा सांगाडा असूनही ३१. पोकळ फुगवटा नीट बंद झालेला हवा. सांध्यात फट राहिली तर आत पाणी शिरतं, वास येतो आणि हलवल्यावर खुळखुळ ऐकू येते. तसं वाटलं तर लगेच परत द्या.

आता पैशाचं. ऑपरेशन, भरती आणि शेक योजनेतून झालं. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाचं घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पॅकेजमध्येच असतं, ते मागून घ्या, फारसं कोणी मागत नाही. बाह्यरुग्ण विभागात होणारी कायमची प्लेट मात्र आमच्याकडे योजनेत बसली नाही. तिचा खर्च १४,५०० रुपये सांगितला होता. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीची चौकशी केली. त्याला तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि भरती रुग्णाचा जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो लागतो. झालेल्या खर्चाची भरपाई त्यातून मिळत नाही. म्हणजे अर्ज करायचा तो रुग्ण भरती असताना. आमची ती वेळ गेलेली होती.

उपयोग झाला तो धर्मादाय रुग्णालयाचा. ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि त्यांचा निर्धन रुग्ण निधी असतो. चौकशी खिडकीवर विचारून उपयोग नाही, समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली. दहा दिवसांनी निम्मी रक्कम माफ झाली, आम्ही ७,२५० भरले. उत्पन्नाचा दाखला काढायला आधीच टाका. तलाठ्याचा अहवाल आणि सेतूतला अर्ज धरून आमचे दोन आठवडे गेले, आणि प्रत्येक टेबलावर पहिल्यांदा तोच मागतात. चार झेरॉक्स जवळ ठेवा, मूळ कुठेही देऊ नका.

संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर रुग्ण बसतात, महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. आमचं बसलं नाही. ज्यांचं बसतं त्यांनी तहसीलमधल्या त्या शाखेत अर्ज करावाच, रोजच्या दुधाची आणि अंड्यांची सोय होते. एसटीत कॅन्सर रुग्णाला ७५ टक्के सवलत आहे, आगारात जाऊन कागद काय लागतात ते एकदा विचारा. मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवायचं असेल (तिथे दात आणि कृत्रिम अवयवांचा स्वतंत्र विभाग आहे) तर रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण सवलत आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के मिळते. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन मिरज स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढायचं.

नवी प्लेट सांभाळायची रीत अशी. प्रत्येक खाण्यानंतर काढून, खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवून धुवायची. हातातून निसटली तर पाण्यात पडते, फरशीवर पडली तर तुकडे होतात. मऊ ब्रश आणि हात धुवायचा साबण. टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यात बुरशी धरते. गरम पाणी कधीच नाही, अ‍ॅक्रिलिक वाकतं. कडी सैल झाली तर घरी पक्कडीने दाबू नका, तडा गेला तर फेविक्विक लावू नका, नंतर त्या जागी दुरुस्ती धरत नाही. काढताना फुगवटा धरून ओढायचा नाही, कड्यांना नख लावून सरळ खाली. उरलेल्या दातांना रोज रात्री डॉक्टरांनी दिलेलं फ्लोराइड जेल लावायचं, कारण शेकानंतर लाळ कमी होते आणि दात भराभर किडतात.

आता दर दोन महिन्यांनी दाखवायला जातो. सर्जन प्लेट काढायला लावतात आणि टॉर्चने पोकळी आतून पूर्ण बघतात. मांस लावून ती कायमची बंद केली असती तर असं डोळ्यांनी बघता आलं नसतं, हे त्यांनीच दाखवून समजावलं. एप्रिलमध्ये मागची कड थोडी सैल झाली होती, अस्तर भरून घेतलं, अर्ध्या दिवसाचं काम. पहिली प्लेट टाकलेली नाही. ती पाणी भरलेल्या स्टीलच्या डब्यात, फडताळात वरच्या कप्प्यात आहे. दर पंधरा दिवसांनी आत्या स्वतः ती काढून बसवून बघतात, पाणी बदलतात आणि परत ठेवतात. नवी दुरुस्तीला गेली त्या दिवशी त्यांनी जुनीच लावून बशीतून चहा प्यायला.